घासलेला समुद्र

एक उकडलेले अंडे, मधोमध कापलेले.

दवाखान्याचा नियम : आपल्याकडून धातूची कुठलीही वस्तू काळी बाहेर पडता कामा नये.

दारावरची बेल. दोनदा तोकडी, एकदा लांब. वर्षभरात वाजलेली नाही.

सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा.

गरगर फिरणारी रबराची इवलीशी वाटी.

"डॉक्टर, आज सगळ्यांचाच वास सारखा येतोय."

सोमवारी सकाळी या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. सोमवारी सकाळी दातांचे डॉक्टर कमालीच्या आनंदात होते आणि रविवार एकदाचा उजाडावा एवढीच त्यांची इच्छा होती.

रविवारी नाणेसंग्राहक मंडळाची वार्षिक सभा होती. सभेत डॉक्टरांचे भाषण होते. विषय, ‘नाण्याला हात लावू नका’. आणि भाषणात दाखवायला ते आपला समुद्र नेणार होते.

समुद्र म्हणजे चांदीचे एक नाणे. कुठल्याशा विसरलेल्या राज्याचे. त्यावर शिडे फुगवून निघालेले एक जहाज होते. जहाजे काय, पुष्कळ नाण्यांवर असतात; पण या नाण्याची चांदी पडून पडून अशी काही रंगली होती, की जहाजाखाली गडद निळे पाणी, वर जांभळे आभाळ आणि कडेला, सूर्य जिथे मावळत असावा तिथे, बारीक सोनेरी रेघ. लग्नात बायकोच्या भावाने ते डॉक्टरांना भेट दिले होते. मंडळात त्याला कोणी नाणे म्हणतच नसे. "समुद्र आणलात का?" असेच विचारत.

नाण्यावर चढलेला असा रंग म्हणजे मळ नव्हे, हा डॉक्टरांच्या आयुष्याचा सिद्धान्त होता. तो नाण्याचा अनुभव असतो. घासलात की नाणे चकचकीत होते आणि मुके होते. हे ते इतक्या पोटतिडकीने सांगत, की मंडळाने शेवटी त्यांच्याच शब्दांत नियम केला : जो सभासद नाणे घासेल, धुवेल किंवा उजळेल, स्वतः किंवा दुसऱ्याकडून, जाणता किंवा अजाणता, त्याचे सभासदत्व रद्द. ‘अजाणता’ हा शब्द अध्यक्षांना नको होता. अध्यक्ष जन्मभर जमिनीची मोजणी केलेले गृहस्थ. चार बोटे इकडेतिकडे होणारच, हे त्यांना माहीत होते. पण डॉक्टरांनी हट्टाने तो शब्द घालून घेतला.

त्या नियमाचा पहिला आणि आजवरचा एकमेव बळी म्हणजे हाच मेहुणा. मेहुणा शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे बोलणे कुठे थांबवावे हे त्याला कधी कळले नाही. गेल्या सभेत त्याने तांब्याचे एक नाणे सगळ्यांना दाखवले आणि स्वतःहूनच सांगून टाकले, की याच्यावर हिरवी भुकटी धरली होती, ती नाणे आतून पोखरते आणि डबीतल्या शेजाऱ्यांनाही लागते, म्हणून मी ते शुद्ध पाण्यात बरेच दिवस भिजवून, पाणी बदलत बदलत, स्वच्छ केले. डॉक्टर तिथल्या तिथे उभे राहिले. नियम वाचला. हात वर झाले. मेहुणा छत्री घेऊन निघून गेला, तो त्यांच्या घराचीही पायरी पुन्हा चढला नाही.

"त्याने नाणं धुतलं, तुम्ही माणूस धुऊन काढलात," एवढेच बायको म्हणाली होती. मात्र ती ते अधूनमधून, वाढताना, म्हणत असे.

तर सोमवार.

भाषणासाठी समुद्राचा मोठ्ठा फोटो हवा होता. दाढेच्या मागची बारीकसुद्धा भेग दाखवणारा कॅमेरा डॉक्टरांकडे होता. त्यांनी नाणे दवाखान्यात नेले, स्टीलच्या ट्रेमध्ये कापसावर ठेवले, खुर्चीवरचा दिवा त्याच्यावर वळवला आणि पहिला फोटो काढला. लाटा दिसल्या. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. दुसरा फोटो काढणार तोच एक बसचालक गाल धरून आत शिरला. त्याच्या दाढेवरची धातूची जुनी टोपी हलत होती आणि बस खाली प्रवाशांसकट उभी होती. डॉक्टरांनी टोपी काढली, ट्रेमध्ये टाकली आणि दाढेत डोके घातले.

सिस्टरने ट्रे उचलला.

सिस्टरचा यात तिळमात्र दोष नव्हता. तोंडातून निघालेला धातू साबणाच्या टाकीत टाकायचा, मग मशीनला रबराची वाटी लावून, पेस्ट घेऊन, आरशासारखा होईपर्यंत घासायचा, ही दवाखान्याची शिस्त होती आणि ती डॉक्टरांनीच लावली होती. टोपी आणि नाणे ट्रेमध्ये शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही धातूचे होते. तिने टोपी घासली. मग नाणे घासले. नाण्याला फार वेळ लागला.

"किती मळलं होतं हो ते," तिने कवळी ठेवायच्या गुलाबी डबीतून नाणे पुढे केले. "दोनदा पेस्ट घ्यावी लागली. पण आता बघा."

डॉक्टरांनी बघितले. नाण्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चेहरा पांढराफटक होता. जहाज होते. शिडे फुगलेली होती. खाली पाण्याचा टिपूस नव्हता. स्टीलच्या ताटलीवर कोणीतरी नाव आणून ठेवावी तसे ते जहाज कोरडे पडले होते.

"छान," डॉक्टर म्हणाले. दुसरे काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

बसचालक टोपी जिभेने चाचपून म्हणाला, अगदी नवी वाटते. तो खूश होऊन बस घेऊन गेला.

त्या दुपारी डॉक्टरांनी सुटकेचे सगळे रस्ते धुंडाळले. नाणे नेलेच नाही तर? पण पत्रिकेवर समुद्राचे नाव होते, आणि अध्यक्षांनी संग्रहालयाच्या बाईंनाही बोलावले होते. चोरीला गेले म्हणावे? बायको तासाभरात पोलिसांना घेऊन आली असती. सिस्टरवर ढकलावे? ‘दुसऱ्याकडून’. चुकून झाले म्हणावे? ‘अजाणता’. आपण नियम किती पक्का बांधला आहे, याचे डॉक्टरांना प्रथमच कौतुक वाटले नाही. सभेला हे कळले तर मंडळातून ते बाहेर, आणि तेही आपल्याच शब्दांनी.

घासलेल्या चांदीला पुन्हा रंग आणू शकेल असा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि त्याला त्यांनी सभेला हात वर करायला लावून हाकलले होते.

मेहुणा शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होता. डॉक्टर दारात उभे राहिले, घसा खाकरला, हवापाण्याची चौकशी केली आणि शेवटी गुलाबी डबी टेबलावर ठेवली.

मेहुण्याने डबी उघडली. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि हे त्याच्या बाबतीत इतके विपरीत होते की डॉक्टर घाबरले. मग तो कपाटामागे गेला. तिथून कसलेसे आवाज आले. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"तुला एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं," डॉक्टर हळवे होऊन म्हणाले.

"वाटणारच, भावोजी. समुद्र होता तो." मेहुण्याने नाक पुसले. "कोणी घासलं?"

"दवाखान्यात. अजाणता."

"अजाणता," मेहुण्याने तो शब्द खडीसाखरेसारखा तोंडात घोळवला. "मग आता काय, भावोजी, दात कोरून पोट भरायचंय?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. यावर मेहुण्याने वर्षभर साठवलेले सगळे बोलून घेतले. हिरवी भुकटी म्हणजे रोग, रंग म्हणजे रंग. रोग काढणे वेगळे आणि कातडी सोलणे वेगळे. आणि हे सभेत सांगायला लागलो तर तुम्ही नियम वाचत होता. एक वाक्य मात्र डॉक्टरांच्या जिव्हारी लागले.

"दाताला कीड लागली तर तुम्ही काय म्हणता पेशंटला? निसर्गाचा रंग आहे, राहू द्या?"

एवढी वर्षे रोज कीड काढणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचाच डॉक्टरांना अचंबा वाटला.

मन मोकळे झाल्यावर मेहुण्याने उपाय सांगितला, आणि तो भलताच झरझर सांगितला. अंडे उकडायचे. मधोमध कापायचे. नाण्याला चिकटू न देता दोघांना एका डबीत ठेवायचे, झाकण सैल, जागा उबदार. पिवळ्यातून जी वाफ येते तिच्यात गंधक असते. ती चांदीवर बसत जाते. "आधी सोनेरी येतं, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. निळा दिसला की काढा. त्यापुढं लोभ धरलात तर काळा."

"पण ही फसवणूक आहे," डॉक्टर पुटपुटले. भाषणातले त्यांचे सर्वांत टाळीचे वाक्य होते : घासणे हे अज्ञान, पण रंगवणे ही फसवणूक.

"आहेच. मग नका करू."

डॉक्टर दारापर्यंत गेले आणि परत आले. "अंडं किती मिनिटं उकडायचं?" त्यांनी विचारले.

मेहुण्याने एकच अट घातली. रविवारी तो पाहुणा म्हणून येणार आणि पहिल्या रांगेत बसणार. बोलणार नाही. नुसता बसणार.

घरी हे करणे शक्य नव्हते. दवाखान्यात मात्र धुतलेली हत्यारे वाळवायचे उबदार कपाट होते. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी अंड्यासकट डबी त्याच्या तळाशी, चिमट्यांच्या मागे ठेवली आणि तासातासाने पेशंटला तोंड उघडे ठेवायला सांगून ते कपाटाकडे धावू लागले. सोनेरी आला. डॉक्टरांनी एका आजोबांच्या पाठीवर थाप मारली. तांबूस आला. त्यांनी शीळ घातली. आणि तांबूसपाठोपाठ आला वास.

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुबट वास आला, तर तो कोणाचा आहे असे त्याला वाटेल? एका वकीलबाईंनी बोलताना तोंडावर रुमाल धरला, तो शेवटपर्यंत काढला नाही. एका जाडजूड व्यापाऱ्याने आपण होऊन सगळे दात साफ करून मागितले. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी दोघे बेसिनपाशी चुळा भरत होते आणि एकमेकांची नजर चुकवत होते.

"डॉक्टर, आज सगळ्यांचाच वास सारखा येतोय," सिस्टर हळूच म्हणाली.

"साथ असेल."

"दातांची?"

"हवामानाची," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा कपाटाकडे पळाले.

दुपारी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. दारातच थबकली. नाक वर करून तिने एक मोठा श्वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी काहीतरी भलतेच आले. लहानपणीचे घर आठवल्यासारखे.

"माझा भाऊ येऊन गेला का इथं?"

"कोण? छे. का?"

"काही नाही. त्याच्या खोलीला असाच वास यायचा." ती डबा ठेवून गेली. जाताना जिन्यात ती हसल्यासारखे डॉक्टरांना वाटले, पण तेवढ्यात जांभळा आला होता.

शेवटी समुद्र परत आला. कोणाला सांगितले तर पटणार नाही इतका हुबेहूब परत आला. निळे पाणी, जांभळे आभाळ, कडेला तीच सोनेरी रेघ. डॉक्टरांनी नाणे गार पाण्यातून काढून टिपले, दिव्याखाली धरले आणि त्यांना एकाच वेळी नाचावेसे आणि लपावेसे वाटले.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. पहिल्या रांगेत मेहुणा हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या शेजारी बायको. आपण भाषण ऐकायला आलो आहोत, असे ती म्हणाली. आजवर ती एकाही भाषणाला आली नव्हती.

नाणे मखमलीच्या तुकड्यावर हातोहात फिरले. मंडळातल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले आणि काढायचेच विसरले. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, नाणे उजेडाला तिरके केले आणि श्वास सोडला.

"माणसाच्या हाताला हे जमायचं नाही," ते म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावला नाही, तेव्हा कुठं हा रंग चढतो."

मेहुण्याला खोकला आला. तो नेमका कपाटामागच्या आवाजांसारखा होता.

डॉक्टर भाषणाला उभे राहिले. सुरुवात फर्डी झाली. हिंमत वाढली. मग ते टाळीच्या वाक्यापाशी आले. "घासणं हे अज्ञान," ते म्हणाले, आणि थांबले. लोकांना वाटले, भावना अनावर झाल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांतच अध्यक्ष उठले आणि त्यांनी आनंदाची बातमी दिली. समुद्र संग्रहालयात ठेवला जाणार होता. स्वतंत्र काचेच्या पेटीत. खाली पाटी असणार होती. संग्रहालयाच्या बाईंनी पाटीचा मजकूर वाचूनही दाखवला : ‘न हाताळलेल्या चांदीवर काळाने चढवलेला नैसर्गिक रंग’. शाळेतली मुले हा रंग बघून खरे आणि खोटे ओळखायला शिकतील, असे त्या म्हणाल्या.

खोटे एका खोलीत ठेवणे एक, आणि त्याला काचेची पेटी आणि पाटी देणे दुसरे. डॉक्टरांनी मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा खरोखरच काही बोलत नव्हता. त्याने जरी बोट वर केले असते तरी डॉक्टर कदाचित चिडून खोटे बोलून गेले असते. तो नुसता बसला होता, दिल्या शब्दाला जागून.

"हा रंग नैसर्गिक नाही," डॉक्टर म्हणाले. "हा अंड्याचा आहे."

आणि मग त्यांनी सगळे सांगितले. ट्रे, बसचालकाची टोपी, पेस्ट, वाळवणीचे कपाट, चुळा भरणारे बिचारे पेशंट. आधी कोणी हसले नाही. चुळांपाशी घड्याळजींनी तोंडावर हात धरला.

"नियम वाचा," डॉक्टर म्हणाले. "मीच केलाय. जाणता किंवा अजाणता."

अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि नियम वाचला. त्यात डॉक्टरांनीच घातलेली आणखी एक पुस्ती होती. मेहुण्याच्या वेळी ती वाचायची घाईत राहून गेली होती. मत देण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने स्वतः कधीही नाणे घासलेले, धुतलेले वा उजळलेले नाही.

"तर अशा सभासदांनी," अध्यक्ष म्हणाले, "हात वर करावेत."

घड्याळजी भिंग पुसत होते. गुरांच्या डॉक्टरांना आपल्या बुटाच्या नाडीत काहीतरी सापडले होते. मागच्या रांगेतून एक हात अर्धा वर आला, वाटेत त्याला कान लागला आणि तो कान खाजवून खाली गेला. खुद्द अध्यक्षांचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"टूथपेस्टनं," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "तरुणपणी. अजून झोप लागत नाही."

मग बांध फुटला. कोणी खोडरबर, कोणी लिंबू, कोणी राख. घड्याळजींनी तर घड्याळाच्या पॉलिशचे नावच सांगितले आणि दोघांनी ते उतरून घेतले. संग्रहालयाच्या बाई थक्क होऊन एकेकाकडे बघत होत्या. मंडळातून कोणाला काढायचे तर सगळ्यांना काढावे लागणार होते, आणि काढायला हात कोणाचा वर होणार?

डॉक्टरांनी शेवटचे दोन शब्द मागितले. "दातांचा डॉक्टर असून मला कीड आणि रंग यांतला फरक कळला नाही," ते म्हणाले. "या खोलीत एकाच माणसानं नाणं रोग घालवायला धुतलं, आणि ते लपवलंही नाही. त्याला आपण बाहेर काढलं. त्याला आधी आत घ्या, मग माझं काय ते ठरवा."

या वेळी हात वर झाले, झाडून सगळे. कायद्याने एकालाही तो अधिकार नव्हता, पण ते अध्यक्षांनी मोजलेच नाही. नियमही बदलला : रोग असेल तर काढावा, रंग असेल तर राहू द्यावा, आणि जे काही केले ते लपवू नये. डॉक्टरांना माफी मिळाली आणि खोलीभर लोक एकमेकांना चकचकीत पापे सांगत बसले. एवढी रंगलेली सभा मंडळाच्या इतिहासात झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने वकीलबाईंना आणि व्यापाऱ्याला फोन करून सांगितले, की तो वास तुमचा नव्हता. वकीलबाईंनी आभार मानले. व्यापारी म्हणाला, तरीही एकदा साफ करूनच टाका.

संध्याकाळी घरी बेल वाजली. दोनदा तोकडी, एकदा लांब. बायको उठून जवळजवळ पळत दाराशी गेली.

चहा झाल्यावर डॉक्टरांनी नाणे टेबलावर ठेवले. डबीवर त्यांनी स्वतःच्या हाताने नवी चिठ्ठी लावली होती : ‘मूळ रंग घासला गेला. सध्याचा रंग अंड्याचा.’

"तुझा उपाय नामी आहे, नाही म्हणत नाही," ते मेहुण्याला म्हणाले. "पण तो पहिला समुद्र तो पहिलाच. सभेत कोणाला कळलं नाही, पण मला कळतं. यात जरा उथळपणा आहे. त्याच्यात एक खोली होती. ती नुसत्या काळानंच येते."

"खरंय, भावोजी," मेहुणा गंभीरपणे म्हणाला आणि बहिणीकडे बघायचे त्याने कटाक्षाने टाळले. तिने बशीतले शेवटचे बिस्किट त्याच्यापुढे सरकवले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, होणाऱ्या भावोजींना जुन्या नाण्यांचे वेड आहे असे कळल्यावर, कॉलेजात शिकणाऱ्या धाकट्या भावाने कुठूनसे एक लख्ख पांढरे जहाजाचे नाणे पैदा केले होते, आणि त्याला लागणारे अंडे नवऱ्या मुलीने स्वतः उकडून दिले होते.